उरलेला वायसर

रविवारी संध्याकाळी आईने अंगण झाडलं, झाडू भिंतीला टेकवला आणि सरळ माझ्याकडे आली. मी बाजेवर आडवा होतो. हाताला डिझेलचा वास, नखांच्या कडा काळ्या, कमरेत एक कळ. पण जीव सुखात होता, कारण पहाटेपासूनच्या खटपटीनंतर फियाट एका चावीत चालू झाली होती. आईने माझ्यासमोर मूठ उघडली. तळहातावर एक वायसर होता. फायबरचा, विटकरी रंगाचा, जुन्या चाराण्याएवढा. "हाई तुनं शे का?" तिने विचारलं. मी उठून बसलो. "असेल," म्हटलं. "गाडी चालू व्हयनी ना?" "झाली." "मग ऱ्हाऊ दे," असं म्हणून तिने तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि ती चहा टाकायला गेली. तिच्यापुरता विषय संपला.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

ज्याने कधी घरी काही उघडून परत जोडलं आहे त्याला हा त्रास कळेल. मिक्सर असो, शिलाई मशीन असो, जोडून झाल्यावर एखादा स्क्रू उरतोच, आणि वस्तू चालूही होते. मिक्सरच्या बाबतीत आपण हसून सोडून देतो. पण मी त्या दिवशी जे उघडलं होतं ते पेट्रोलच्या वाटेवरचं काम होतं. आठवडाभर गाडीजवळ गेलं की पेट्रोलचा वास यायचा. आधी वाटलं, टाकीचं झाकण. मग बॉनेट उघडून बोट फिरवलं तर पंपाच्या पोटाखाली ओल. हा पंप इंजिनच्या कुशीला बसवलेला असतो, कॅमशाफ्टच्या धक्क्याने त्याचा दांडा खालीवर होतो आणि आतला रबरी पडदा टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला पाजतो. मेकॅनिक लोक त्याला एसी पंप म्हणतात. त्यातल्या एसीचा थंडाव्याशी काही संबंध नाही, उलट खान्देशातल्या उन्हाळ्यात या गाडीचा सगळ्यात तापट अवयव हाच. उघडून पाहिलं तर पडदा वाळलेल्या आंबापोळीसारखा कडक, आणि मधोमध एक बारीक चीर. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. आपल्याकडचा मका आणि ऊस शेवटी टाकीत जातो याचा शेतकऱ्याचा मुलगा म्हणून आनंद मानायला हरकत नाही, पण जुन्या गाड्यांचं रबर त्या काळात या पाहुण्याला डोळ्यासमोर ठेवून बनवलेलं नव्हतं. कुठे ते फुगतं, कुठे कडक होऊन तडकतं. शिवाय इथेनॉल हवेतली ओल धरून ठेवतं, त्याने कार्बोरेटरच्या वाटीत पांढुरका बुरा साचतो. म्हणून पंपाबरोबर कार्बोरेटरही उतरवला. म्हणजे एका दिवसात दोन दवाखाने.

आता यात वायसर कुठून उरला? पंपाच्या नळीच्या तोंडाशी एक, कार्बोरेटरच्या तोंडाशी एक, सुईच्या बैठकीखाली एक. तिन्ही लावल्याचं मला आठवत होतं. आठवणं आणि लावणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्री अकराला मोबाइलची बॅटरी घेऊन मी बॉनेट उघडलं, गाडी चालू केली, एकेका जोडावर बोट फिरवून बोटाचा वास घेतला. कुठेच ओल नाही. शेजारच्यांच्या गच्चीवर झोपलेलं कोणीतरी खोकलं. बॉनेट हळू लावलं.

आप्पा असते तर त्यांनी त्या वायसरची कारणमीमांसा केली असती. आप्पा, म्हणजे माझे वडील, शास्त्राचे मास्तर. आमच्या अमळनेरात निम्म्या गावाने त्यांच्याकडून ऑक्सिजन तयार करण्याची कृती शिकलेली. १९९६ साली त्यांनी ही फियाट एका जिनिंगवाल्याकडून घेतली, तेव्हा ती पाच वर्षांची होती. पाटी एमएच-१९, रंग साईसारखा पांढरा, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. आरसी बुकात तिचं नाव प्रीमियर पद्मिनी असलं तरी घरात आणि गल्लीत कोणी तिला पद्मिनी म्हटल्याचं आठवत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून हीच गाडी फियाट म्हणून बनत होती, १९७४ साली तिला राणीचं नाव मिळालं, पण लोकांनी ऐकलं नाही. मास्तराने गाडी घ्यावी हेच मुळात गावाला जरा जास्त वाटलं होतं. त्यावर आप्पांचं उत्तर ठरलेलं असायचं, गाडी घेणं महाग नसतं, मेकॅनिक महाग असतो, आणि तो खर्च मला नाही.

ही गोष्ट अर्धीच खरी होती. आप्पांना गाडीतलं सगळं कळत होतं. चार सिलिंडर कोणत्या क्रमाने पेट घेतात हे आम्हा दोघा भावंडांना पाढ्यासारखं पाठ होतं, एक-तीन-चार-दोन. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेतं तेव्हा प्लगांवर मिनिटाला सहा हजार ठिणग्या पडतात, हे त्यांनी अंगणातल्या फरशीवर खडूने काढून दाखवलं होतं. पण कळणं वेगळं आणि हात बसणं वेगळं. त्यांचा हात बसला नव्हता. नट उलटा फिरवून आटे मारणं, नळी ओढून फाडणं, पाना निसटून बोटांची सालं काढणं, हे दर खेपेला. शेवटी गल्लीच्या टोकाच्या गॅरेजमधल्या चाचांना बोलवायला मला सायकलवर पाठवलं जाई. चाचा यायचे, बिडी विझवून कानावर ठेवायचे, आप्पांचं स्पष्टीकरण शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मास्टरजी, गाडी को पढाना बंद करो, पाना पकडो." पाच मिनिटांत गाडी चालू. पैसे घ्यायचे नाहीत, कारण त्यांची दोन मुलं आप्पांच्या वर्गात होती. तेव्हा मेकॅनिकचा खर्च नाही हे खरंच, पण त्याचं कारण आप्पा सांगत ते नव्हतं.

माझं काम बॅटरी धरण्याचं. गाडी दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक बापाला एक बॅटरी धरणारं पोरगं लागतं आणि त्याच्यावर ओरडताना तो नेहमी एकच वाक्य ओरडतो, मी जिथे बघतोय तिथे धर. तो कुठे बघतोय हे बॉनेटच्या दुसऱ्या बाजूने पोराला कसं कळावं? मी वर्षानुवर्षं बॅटरी धरली, पाना हातात आला नाही. बारावीच्या सुट्टीत एकदा ते कुठे बाहेर गेल्यावर मी प्लग काढून घासून परत लावले. त्यांना कळलंच, कारण दोन वायरी अदलाबदल झाल्या होत्या आणि गाडी खोकत होती. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "एक-तीन-चार-दोन," आणि वायरी बदलल्या. मला अजून वाटतं, रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी मागे ठेवलेल्या गोष्टींत एक वही आहे. लाल पुठ्ठ्याची, शाळेच्या हजेरीपटाच्या उरलेल्या पानांची. १९९६ ते २०२१ पर्यंत गाडीचं सगळं त्यात आहे. तारीख, किलोमीटर, काम, खर्च. 'प्लग साफ. पॉइंट घासले.' 'फॅनबेल्ट बदलला, जुना डिकीत ठेवला.' 'पेट्रोल १० लि., ॲव्हरेज ११.' 'रेडिएटर झाळला.' शेवटच्या नोंदींपैकी एक आरटीओची आहे, पुढच्या पाच वर्षांसाठी पासिंग, फी ६०० रुपये. २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांसाठी त्याच ६०० चे ५,००० झाले. आप्पा तेव्हा अंथरुणाला खिळले होते, पेपर मी वाचून दाखवायचो. ती बातमी मी वाचली नाही.

वहीत हरवलेल्या वायसरचीही एक नोंद सापडेल या आशेने मी त्या सोमवारी ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली. तशी नोंद सापडली नाही. सापडली ती ही: '२९-४-९८. अमळनेर ते दोंडाईचा. बेटावदच्या पुढे व्हेपर लॉक. पंपावर ओला कपडा. ४० मि.'

मी आईला वाचून दाखवली. ती शेंगा निवडत होती. "चाळीस मिनिटं?" ती म्हणाली, आणि शेंगांचं ताट बाजूला ठेवलं.

त्या दिवशी आखाजी होती, म्हणजे अक्षय्य तृतीया. मी नववीत, बहीण पाचवीत. दोंडाईचा आईचं माहेर. आखाजीला सासुरवाशिणीने माहेरी जायचं, निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसायचं, गौराईची गाणी म्हणायची, हे खान्देशात कोणाला समजावून सांगायला नको. पण घरात पितरांची घागर भरल्याशिवाय, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवून नैवेद्य दाखवल्याशिवाय निघता येत नव्हतं. म्हणून निघायला बारा वाजले. आईचं म्हणणं होतं पॅसेंजरने जाऊ, स्टेशन जवळ आहे, तिकडेही भाऊ घ्यायला येईल. आप्पांचं म्हणणं, दारात गाडी असताना पॅसेंजर कशाला. आईने रस काढायला निवडलेले आंबे टोपलीत भरले, सांजोऱ्यांचा डबा घेतला, पुढच्या बंपरला छागल बांधली. छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी, वाऱ्यावर तिच्यातलं पाणी आपोआप गार होतं. तो एसी आमच्याकडे होता.

बेटावद ओलांडून थोडं गेलो असू. गाडीने दोन आचके दिले आणि ती बाभळीच्या विरळ सावलीत जाऊन थांबली. रस्ता वितळल्यासारखा दिसत होता. आप्पांनी बॉनेट उघडलं आणि पहिल्यांदा आम्हाला जवळ बोलावलं, बघा म्हणाले, याला व्हेपर लॉक म्हणतात. पेट्रोल पंपातच उकळून त्याची वाफ झाली आहे, पंपाला पातळ पदार्थ ढकलता येतो, वाफ दाबली जाते आणि परत फुगते, पुढे सरकत नाही. मला ते समजलं आणि आवडलंसुद्धा. मग त्यांनी कापड मागितलं. आईने जुन्या नऊवारीचा एक धडपा काढून दिला, त्यात ती सांजोऱ्यांचा डबा बांधून आणत होती. तो छागलीच्या पाण्यात बुडवून पंपाला गुंडाळला. सुंऽऽ असा आवाज झाला. कापड दोन मिनिटांत कोरडं. परत पाणी, परत कापड, परत पाणी. गाडी चालू होऊन शंभर फूट गेली आणि पुन्हा बसली. छागल रिकामी झाली. मग बाटलीतलं निम्मं पाणी गेलं. उरलेलं आईने आम्हा दोघांना दिलं आणि काढा पाजल्यासारखं एकेक घोट मोजून दिलं. तिने स्वतः घेतलं नाही हे मला तेव्हा दिसलं होतं, पण मी बॅटरी धरणारा मुलगा, आप्पा जिथे बघत होते तिथे बघत होतो.

मग आई छागल घेऊन निघाली. शेतात लांब एक पाण्याच्या मोटारीची खोली दिसत होती. ४४ अंशांच्या उन्हात, काळ्या मातीच्या भेगांतून, डोक्यावर पदर, पायात स्लिपर. परत आली तेव्हा चेहरा तांबडालाल आणि छागलीतून पाणी ठिबकत होतं. ते पाणीही आधी पंपावर गेलं. ती बाभळीच्या बुंध्याशी आंब्याची टोपली मांडीवर घेऊन बसली, आणि तेवढ्यात पलीकडच्या रुळांवरून पॅसेंजर गेली. डब्यांच्या दारांत नव्या साड्यांतल्या बाया उभ्या होत्या. आई ती गाडी शेवटच्या डब्यापर्यंत बघत राहिली. काही बोलली नाही. दोंडाईच्याला पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते, झोके सोडून गुंडाळले होते आणि तिच्या भावजया भांडी घासत होत्या.

"तीन तास," आई म्हणाली. "मी मोजले. आणि पाणी कोणी आणलं ते नही लिखं का तुना बापने?"

नाही लिहिलं. मी पुन्हा पाहिलं. 'पंपावर ओला कपडा' एवढंच आहे. कपडा कोणाचा हेही नाही. मग तिने एक वाक्य ऐकवलं, ते मी तिच्या तोंडून याआधी ऐकलं नव्हतं. म्हणाली, मी त्या गाडीत जेवढी बसले ना, त्याहून जास्त त्या गाडीच्या शेजारी बसले. आणि ताट ओढून पुन्हा शेंगा निवडायला लागली. तिच्या आवाजात राग नव्हता. पंचवीस-तीस वर्षांत रागाची वाफ होऊन जाते म्हणावं, तर वाफ पुढे सरकत नाही, आतच फुगून बसते, हे आप्पांनीच शिकवलं होतं.

जुन्या गाड्यांवर प्रेम करणाऱ्या माणसांचं लिखाण मी आवडीने वाचतो आणि त्यात मला हल्ली एक गोष्ट खटकते. त्यात बाप असतो, मुलगा असतो, ग्रीसचे डाग असतात, घाटात बंद पडलेली गाडी आणि हुशारीने काढलेली वाट असते. घाटात गाडी बंद पडल्यावर दगडावर कोण बसून होतं, पोरांना काय खायला दिलं, ओढणीचा कोणता तुकडा फाडला गेला, हे कुठे नसतं. मीही कालपर्यंत बेटावदची गोष्ट मित्रांना सांगताना व्हेपर लॉकचीच सांगायचो. ओल्या कपड्याची युक्ती सांगून टाळ्या घ्यायचो.

तरीही मी गाडी विकली नाही, हेही सांगून टाकतो. आप्पा गेल्यावर दोन भंगारवाले दाराशी येऊन गेले, एक जण तर माप घेतल्यासारखा चहूबाजूंनी फिरला. बायको म्हणाली, जागा मोकळी होईल. खरंच होईल. पण पहाटे साडेपाचला उठून अंगणात सतरंजी टाकावी, हत्यारं ओळीने मांडावीत, निंबाच्या पानांतून अजून गार वारा येत असावा, आणि एखादा गंजलेला नट आधी हटू नये, मग थोडं डिझेल सोडल्यावर, पाना किंचित मागेपुढे केल्यावर, 'कट्' असा आवाज करून सुटावा, या सुखाला मला दुसरं नाव सापडत नाही. माझी नोकरी कागदांची. तिथे काहीच 'कट्' म्हणून सुटत नाही. पूर्वी सुटे भाग धुवायला रॉकेल असायचं, आता रेशनवरचं रॉकेल गेलं तसं डिझेलवर भागवतो, त्याचा वास हातावरून दोन दिवस जात नाही. नऊनंतर मात्र काम बंद. एप्रिलमध्ये नऊ वाजता फरशीवर ठेवलेला पाना उचलला की तो चटका देतो, तव्यावरून उचलल्यासारखा.

सुटे भाग मिळणं हा एक वेगळाच धंदा होऊन बसला आहे. ही गाडी बनायची थांबली त्याला पाव शतक झालं. इतकी वर्षं आमच्यासारख्यांना तारलं ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी. हजारो टॅक्सी चालत होत्या तोवर पॉइंट, कंडेन्सर, किट, सगळं बनत होतं, आणि टॅक्सी भंगारात निघाली की तिचे अवयव गावोगाव जात. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदवली होती. वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली आणि मुंबईच्या रस्त्यावरून त्या गेल्या. माझ्या पंपाचं किट जळगावच्या एका दुकानदाराने मुंबईहून मागवून दिलं, पंधरा दिवस लागले. पाकिटावर नाव नाही, आत पडदा, दोन स्प्रिंगा, गॅस्केट आणि मूठभर वायसर. मूठभर! चार जातीच्या पंपांना चालावं म्हणून असे जास्तीचे टाकतात. म्हणजे अंगणात सापडलेला वायसर कुठूनच निघाला नसेल, तो पाकिटातूनच सांडला असेल. या शोधाने मला मंगळवारी दुपारी फार बरं वाटलं. संध्याकाळी पाकीट उघडून बघितलं तर त्यातले सगळे काळे. हा विटकरी.

तेव्हा पुढच्या रविवारी पुन्हा सगळं उघडलं. या वेळी लेक मदतीला होती, आठवीत आहे. गाडीच्या बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढायचा हे तिला सांगितलं, पेट्रोल निघणार आहे, एक ठिणगी पुरते. जॅकच्या भरोशावर गाडीखाली जायचं नाही, स्टेपनी आडवी सरकवून ठेवायची, हेही सांगितलं, ते आप्पांचंच. मोबाइलचा उजेड ती धरत होती आणि मी दोनदा ओरडलो, मी बघतोय तिथे धर. तिसऱ्यांदा तिने मोबाइल माझ्या हातात दिला. "तुम्ही धरा ना पप्पा, मी करते. माझे हात बारीक आहेत." मी काही क्षण उभाच राहिलो. मग धरला.

तिने डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि पॉइंट बाहेर काढले. दोन छोट्या टिकल्या, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या, एकमेकींना भेटून सुटणाऱ्या. त्या सुटतात तेव्हाच ठिणगी पडते. भिंगातून दाखवलं तिला, एका टिकलीवर खड्डा पडला होता आणि समोरच्या टिकलीवर तेवढीच टेकडी उगवली होती. एकीचा धातू उडून दुसरीवर बसतो. पॉलिश पेपर दुमडून तिने हळूहळू टेकडी घासली, मधूनमधून फुंकर मारून बघत. घासायचा जोर किती हे मी तिला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण ती बरोबर करत होती. फट मोजायच्या पत्त्यांतली योग्य पत्ती, अर्ध्या मिलिमीटरहून जराशी पातळ, तिने मध्ये घालून ओढून पाहिली. "अडकतेय थोडी, पण सरकतेय," म्हणाली. बस, तेवढंच हवं असतं. माझ्या हातातला उजेड मात्र सारखा हलत होता आणि ती ओरडत नव्हती.

पंप उघडला. तिन्ही जोडांवर तिन्ही वायसर जागच्या जागी. विटकरी वायसराला जागाच नव्हती.

मग एकच शक्यता उरली आणि ती लेकीला सुचली. पाऊस नाही, काही नाही, पण आधीच्या रविवारी गाडी ढकलून आम्ही दोन हात मागे घेतली होती, चाकाखालची जागा कित्येक वर्षांनी मोकळी झाली होती. तिने खराट्याने तिथली माती उकरली. एक कुजलेला प्लगचा रबरी कान निघाला. एक नट. एका स्प्रिंगेचा गंजलेला तुकडा. तांब्याची कडी. पंचवीस वर्षं आप्पांच्या हातून जे निसटलं आणि दिवसाउजेडीही सापडलं नाही, ते सगळं तिथे फरशीच्या कडेच्या मातीत बसलेलं होतं. लेकीने ते ओळीने मांडलं. म्हणजे तो वायसर कदाचित माझा नव्हताच. कुठल्यातरी रविवारी आप्पांनी 'गाडी चालू झाली ना' म्हणून सोडून दिलेला असेल, किंवा रात्रभर जागे राहिले असतील माझ्यासारखे. वहीत त्याची नोंद नाही. कोणत्याच उरलेल्या वायसरची नोंद वहीत नाही.

चार दिवसांनी आखाजी आली. सकाळी मला वाटलं, मातीतून निघालेल्या नटांबरोबर तो वायसरही एका डबीत घालून ठेवावा. खिडकीच्या कट्ट्यावर पाहिलं, नव्हता. बायकोला विचारलं, लेकीला विचारलं. आई अंगणातल्या नळावर कुंभाराकडून आणलेली नवी घागर विसळत होती. आप्पांच्या नावाने आता तीच घागर भरते. डांगर कट्ट्यावर धुऊन ठेवलेलं.

तो नळ दिवाळीपासून मुंडीखालून गळत होता. खाली बादली लावायची आणि बादली भरली की तुळशीला ओतायची, असं चाललं होतं. प्लंबरला सांगतो म्हणून मी किती वेळा म्हटलं असेल. आज बादली नव्हती. नळाखालची फरशी कोरडी होती. मी वाकून पाहिलं, मुंडीच्या नटाखाली एक बारीक विटकरी कड दिसत होती.

"नय गयत व्हता," आई वर न बघता म्हणाली. "लाई दिन्हा."

"कोणी लावला?"

"मी. टाकीचा कॉक बंद केला आधी." तिने नळ उघडला. घागरीत पाणी पडायला लागलं, तळाचा आवाज बदलत बदलत वर आला. तोंडाशी पाणी आल्यावर तिने नळ बंद केला. एक थेंब लोंबला, तिथेच थांबला. नळामागे कट्ट्यावर आप्पांचा बावीस-चोवीसचा पाना पडलेला होता. ती घागर कमरेवर घेऊन आत जायला वळली.

"तो पाना पुसून जागेवर ठेव," म्हणाली, "ओला शे."